यंत्राला अटी कोण घालणार?

दोस्तांनो, शाळेच्या सहलीबरोबर तुमच्यापैकी बरेच जण सेवाग्रामला जाऊन आले असतील. वर्धा स्टेशनापासून जेमतेम आठ किलोमीटर. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, शेणानं सारवलेली जमीन. चपला बाहेर काढायच्या, बापूकुटी पाहायची, गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली डबा खायचा आणि परत बसमध्ये! पण पुढच्या खेपेला घाई करू नका. आश्रमातल्या कार्यालयाच्या खोलीत एक वस्तू आहे, ती नीट पाहा.

ती वस्तू म्हणजे टेलिफोन! व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून तो इथे बसवला होता. ज्या खेड्यात धड रस्ता नव्हता, तिथे दिल्लीशी बोलणारं यंत्र!

"पण गांधीजी तर यंत्रांच्या विरुद्ध होते ना?" असं तुम्ही लगेच विचाराल. बरोबर आहे. १९०९ साली लिहिलेल्या 'हिंद स्वराज' या पुस्तकात त्यांनी यंत्रांवर भरपूर टीका केली होती. पण गोष्ट तिथेच संपत नाही. १९२४ साली एका विद्यार्थ्यानं त्यांना हाच प्रश्न सरळ विचारला. तेव्हा त्यांनी सांगितलं, की माझं शरीर हेसुद्धा एक नाजूक यंत्रच आहे, चरखाही यंत्रच आहे. विरोध आहे तो यंत्रांच्या वेडाला. आणि उदाहरण दिलं ते शिवणयंत्राचं. बायकोला हातानं शिवण्याचा त्रास होतो हे पाहून सिंगरनं ते बनवलं, म्हणून ते आपल्याला मान्य आहे, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे यंत्र चांगलं की वाईट, असं ते विचारत नव्हते. यंत्र कुणासाठी, आणि त्याच्यामुळे माणसाचं काय होणार, हे विचारत होते. आज आपल्या घरात एक नवं यंत्र शिरलं आहे. त्याला चाक नाही, दांडा नाही, आवाज नाही. त्याचं नाव कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय. त्यालाही तोच प्रश्न विचारून पाहायचा का? चला तर मग! पण त्याआधी एका बक्षिसाची गोष्ट.

लाख रुपयांची जाहिरात

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं एक जाहिरात दिली. जो कुणी नवा, सुधारलेला चरखा बनवून दाखवील त्याला एक लाख रुपये बक्षीस! तेव्हा सोनं तोळ्याला पंचवीस रुपयांच्या आत मिळायचं. म्हणजे एक लाख ही केवढी रक्कम झाली, ते गणित तुम्हीच करा. वर्ध्याचे जमनालाल बजाज या संघाच्या कामात पुढे होते.

बक्षीस मोठं, पण खरी गंमत अटींमध्ये होती. चरखा हलका असावा, उचलून नेता यावा. तो हातानं किंवा पायानं, खेड्यातल्या झोपडीत चालवता यावा. एका बाईला आठ तास फार न थकता त्याच्यावर काम करता आलं पाहिजे. त्या आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. आणि वेळेवर देखभाल केली तर तो निदान वीस वर्षं चालला पाहिजे.

सोळा हजार फूट म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. वर्धा स्टेशनावरून एक टोक धरून निघालात, तर सेवाग्रामची अर्धी वाट ओलांडून पुढे जाल एवढा धागा, आणि तोही एका दिवसात, एका बाईच्या हातून! म्हणजे चरखा संघाला वेग नको होता असं मुळीच नाही. वेग हवाच होता. पण तो वेग त्या बाईच्या पाठीचं, तिच्या झोपडीचं आणि तिच्या पैशाच्या पिशवीचं भान ठेवणारा हवा होता.

मग काय झालं? किर्लोस्करवाडीच्या किर्लोस्कर कारखान्यानं एक चरखा बनवून पाठवला. त्याची कसून परीक्षा झाली. पण सगळ्याच्या सगळ्या अटींत तो काही बसला नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही!

तुम्ही म्हणाल, "एवढा खटाटोप फुकटच गेला की!" तसं नाही हं. लोक चरख्यावर डोकं लढवतच राहिले. पेटीत मावणारा चरखा आला, पायानं चालवायचा दोन चात्यांचा मगन चरखा आला, आणि स्वातंत्र्यानंतर अनेक चात्यांचा अंबर चरखा आला. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे कितीतरी प्रकार मांडून ठेवले आहेत. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली ते सुरू झालं. जरूर पाहा.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. इथे अटी आधी ठरल्या आणि यंत्र नंतर बनायचं होतं. एआयच्या बाबतीत नेमकं उलटं झालं आहे. यंत्र आधी आलं, कोट्यवधी लोकांच्या हातात पडलं, आणि अटींचं काय, याचा विचार आपण आता करतो आहोत.

हे यंत्र शिकतं कसं?

तुमच्या धाकट्या भावाला मांजर ओळखायला कसं शिकवलं? व्याख्या सांगितली का? छे! काळं मांजर, पांढरं मांजर, झोपलेलं मांजर असं दाखवत गेलात आणि एक दिवस तो स्वतःच "माऊ!" म्हणून ओरडला. एआय शिकतं तेही साधारण असंच. हजारो-लाखो उदाहरणं त्याला देतात, त्यातून ते खुणा हेरतं आणि नवीन उदाहरण आलं की अंदाज करतं. हो, अंदाजच! तो पुष्कळदा बरोबर येतो, कधी साफ चुकतो. पण बरोबर असो की चूक, सांगताना त्याचा स्वर सारखाच ठाम असतो.

उदाहरणं एकाच तऱ्हेची असतील तर काय होईल? २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक बाईंनी हेच तपासून पाहिलं. फोटोवरून माणूस पुरुष की स्त्री हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाल्यांची त्यांनी परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका शंभरात एकसुद्धा नव्हती. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत मात्र एका प्रणालीनं शंभरात जवळजवळ पस्तीस चुका केल्या! यंत्राच्या मनात खोट नव्हती, कारण त्याला मनच नसतं. त्याला जे जास्त दाखवलं, ते त्याला जास्त कळलं.

आता आपल्या रंगाचा, आपल्या भाषेचा, आपल्या गावाचा विचार करा. यंत्राला शिकवताना आपण त्या उदाहरणांत होतो का?

पऱ्हाटीतली परीक्षा

वर्धा जिल्हा म्हणजे कापसाचा मुलूख. हिंगणघाट, देवळी, आर्वी, कुठेही जा, पऱ्हाटी दिसणारच. आणि पऱ्हाटीचा आजचा मोठा वैरी म्हणजे गुलाबी बोंडअळी. ही बोंडाच्या आत शिरून बसते. बाहेरून सारं ठीक दिसतं, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१७ साली विदर्भात तिनं हाहाकार उडवला. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली. म्हणजे फवारणी उशिरा केली तर पीक जातं, आणि नको तेवढी केली तर माणूस जातो!

मग फवारायचं कधी? त्यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. मादी पतंगाच्या गंधासारखा गंध त्यात ठेवलेला असतो, नर पतंग फसून आत येतात. रोज मोजायचे. लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडू लागले, की सावध व्हायचं, असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे.

हे मोजण्याचं काम एआयला शिकवण्यात आलं आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेनं त्यासाठी 'कॉटनएस' नावाचं ॲप बनवलं. सापळ्यातले पतंग कागदावर काढायचे, मोबाइलनं फोटो घ्यायचा. यंत्र पतंग ओळखून मोजतं आणि फवारणी करावी की थांबावं, हे सुचवतं. खेड्यात रेंज नसते, म्हणून इंटरनेटशिवायही चालेल असं ते केलेलं आहे.

आता या यंत्राला चरख्याच्या अटी लावू या. इंटरनेट नसताना चालतं? मग झोपडीत चालण्याची अट पुरी झाली. वेळेवर सावध केलं तर पीक वाचतं, नको तेव्हा 'थांबा' म्हणालं तर विष कमी लागतं. म्हणजे माणसाच्या शरीराची काळजीही आली. शाबास! सिंगरच्या शिवणयंत्राच्या रांगेत बसण्यासारखी ही कल्पना आहे.

पण समजा, देवळीकडची एखादी काकू हा मोबाइल हातात घेऊन विचारू लागली, "काऊन रे बाबू, हे मशीन म्हणते फवारा. पण औषध आणायले पैसे कोन देईन? अन् याचा अंदाज चुकला, तं माह्या पऱ्हाटीचं नुकसान कोन भरून देईन? अन् माह्या वावरातले फोटो जाते तरी कुठी?"

पाहिलंत? काकूंनी तीन अटी घातल्यासुद्धा! सल्ला परवडणारा हवा. चूक झाली तर जबाबदार कोण, ते आधी ठरलेलं हवं. आणि माझी माहिती कुठे जाते, हे मला कळायला हवं. एआयबद्दल मोठमोठ्या परिषदांत जे प्रश्न चर्चेला येतात, ते हेच.

सेगाव की शेगाव?

आता एक जुनी गंमत. सेवाग्रामचं आधीचं नाव माहीत आहे? सेगाव! गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. त्यांना रोज ढीगभर पत्रं यायची. पण विदर्भातच गजानन महाराजांचं शेगाव आहे ना! नावं इतकी सारखी, की सेगावची टपाल शेगावला जायची. शेवटी १९४० साली गावाचं नावच बदलून सेवाग्राम ठेवलं.

पत्र चुकलं तर दोन दिवसांनी परत येतं. माणसाचं रेशन चुकलं तर?

शेजारच्या तेलंगणात सरकारनं एक संगणकी प्रणाली वापरली. निरनिराळ्या खात्यांतल्या याद्या ती एकमेकींशी जुळवते आणि रेशनला कोण पात्र, कोण अपात्र ते सांगते. हैदराबादमध्ये एक गरीब सायकलरिक्षावाला होता. त्याच्या नावासारखंच नाव असलेला एक कारमालक होता. यंत्रानं दोघांना एकच माणूस समजून टाकलं! "याच्याकडे तर कार आहे," असं म्हणून रिक्षावाल्याच्या घराला स्वस्त धान्य नाकारलं गेलं. २०२४ साली पत्रकारांनी हे प्रकरण उजेडात आणलं. त्याआधी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणातल्या रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष जाऊन तपासणी करायला सांगितलं होतं. तेव्हा हजारो कुटुंबांची कार्डं चुकीनं गेल्याचं दिसून आलं.

विचार करा. एखादा तलाठी त्या घरी गेला असता, तर दारात कार आहे की रिक्षा, हे त्याला पाच मिनिटांत दिसलं असतं. यंत्रानं चूक केली, त्याहून मोठी चूक माणसांनी केली. "कॉम्प्युटर म्हणतो ना, मग खरंच असणार," असं म्हणून ते गप्प बसले. म्हणून आणखी एक अट लिहून ठेवा. ज्या निर्णयानं कुणाची भाकरी जाऊ शकते, तो यंत्रावर सोडायचा नाही. तो तपासणारा माणूस हवा, आणि "हे चुकलंय" असं सांगायला एक खिडकी हवी.

गृहपाठ कुणी केला?

आता तुमच्याकडे वळतो. दचकू नका!

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून 'माझा आवडता ऋतू' हा निबंध दहा सेकंदांत तयार होऊ लागला. मजा आहे ना?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली होती. तिच्यातून 'नई तालीम' ही शिक्षणाची पद्धत पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा तयार केला. कल्पना अशी, की मुलांनी हातानं काम करावं आणि त्या कामातूनच शिकावं. टकळीवर सूत काततानाच तार मोजायचे, तेव्हा गणित आलं. कापूस कुठे पिकतो, तेव्हा भूगोल आला. कापड विलायतेहून का येतं, तेव्हा इतिहास आला.

आता समजा, त्या वर्गातल्या एखाद्या मुलानं गिरणीतून आयतं सूत आणून गुरुजींपुढे ठेवलं असतं, तर? सूत सुंदर, एकसारखं, एकदम झकास! पण मुलाच्या बोटांना काय आलं? काहीच नाही. निबंधाचंही तसंच आहे. गुरुजींना तुमचा निबंध विकायचा नसतो. तुमचं डोकं कातायला शिकावं, म्हणून तो लिहायला सांगितलेला असतो.

मग एआयला हातच लावायचा नाही का? तसं मी म्हणत नाही. धडा वाचून झाल्यावर "मला यावर दहा प्रश्न विचार" असं त्याला सांगा. गणित अडलं तर उत्तर मागू नका, पहिली पायरी विचारा. आणि त्यानं सांगितलेली सनावळी पुस्तकात पडताळून पाहा. ते कधीकधी नसलेली पुस्तकं आणि न घडलेल्या घटनाही अगदी थाटात सांगतं, बरं का!

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांचा गृहपाठ दिसतो, पण त्यांचे फोटो आणि आवाज कुठे फिरतात ते दिसत नाही. आज थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. "बाबा, मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा," असा फोन आला, तर आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नका. घरात एक गुप्त शब्द ठरवून ठेवा. पैसे पाठवण्याआधी तो विचारा.

आपल्या संसदेनं २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं व्हायची आहे. पण ही संमती म्हणजे 'मान्य आहे' या बटणावर न वाचता दाबलेलं बोट असेल, तर कायदा तरी काय करणार?

अटी आपल्याच

एक गोष्ट खरी सांगायला हवी. चरखा संघानं अटी घातल्या, म्हणून काही गिरण्या थांबल्या नाहीत. त्या चालतच राहिल्या आणि हातसूत मागे पडलं. चरखा संघाला अटी घालता आल्या, कारण बक्षिसाचे पैसे त्याचे होते. एआय बनवणाऱ्या कंपन्यांचे पैसे आपले नाहीत. त्या आपल्याला विचारायला येणार नाहीत.

मग आपल्या हातात काय? कायदे करणारे आपणच निवडून देतो. वर्गाचे नियम शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ठरवू शकतात. घरातला मोबाइल कधी बंद ठेवायचा, हे घरातली माणसं ठरवतात. आणि निबंध कोण लिहिणार, हे तर फक्त तुम्हीच ठरवू शकता.

सेवाग्रामच्या त्या खोलीतला टेलिफोन पुन्हा आठवा. घंटा वाजली की तो उचलायचा, काम झालं की खाली ठेवायचा आणि परत सूत कातायला बसायचं. आपल्याला हे जमतं का? आज रात्री मोबाइल हातातून खाली ठेवताना स्वतःलाच विचारून पाहा.

करून पाहा

१. वर्गात पाच-पाच जणांचे गट करा. 'आमच्या शाळेत एआय वापरायचं तर' या नावाखाली प्रत्येक गटानं पाच अटी लिहा. अट मोजता किंवा तपासता आली पाहिजे. 'एआय चांगलं असावं' असं लिहिलं तर गुण नाहीत!

२. प्रत्येक अटीपुढे लिहा, ही अट कुणाच्या भल्यासाठी? ती मोडली तर तक्रार कुणाकडे करायची?

३. घरातल्या आजीला किंवा आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावात कोणतं नवं यंत्र आलं होतं? पिठाची गिरणी, पंप, ट्रॅक्टर, काहीही असेल. त्यामुळे कुणाचं काम हलकं झालं आणि कुणाचं काम गेलं, ते लिहून काढा.

४. तुमच्या गटाच्या अटी शाळेच्या फळ्यावर लावा. आणि त्या ठरवताना सगळ्यात जास्त भांडण कोणत्या अटीवर झालं, ते आम्हाला जरूर कळवा!